मेश्राम सरांचा उपयोजनाचा प्रश्न

मास्तरांची नोकरी म्हणजे किस्से साचणारच. आमच्या सदर भागातल्या शाळेतले मी अजून सांगून राहिलो, पण आता हसता हसता मेश्राम सरांपाशी येऊन थांबतो.

सत्तर सालच्या आसपास शिक्षणखात्याचं फर्मान आलं : पेपरातल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्याची पातळी लिहा. नुसतं आठवायचं तर ज्ञान, समजलं तर आकलन, समजलेलं नव्या ठिकाणी वापरायचं तर उपयोजन. स्टाफरूमला खूळच लागलं. "चहा आहे का?" हे ज्ञान. "असा काहून लागून राहिला?" हे आकलन. "याच पत्तीत अजून दोन कप निघतील का?" हे उपयोजन, आणि त्यात आमची कँटीन पहिल्या वर्गात पास.

*

मराठीच्या देशमुख बाईंनी 'कवीला काय वाटले?' हा प्रश्न उपयोजनात टाकला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, उत्तर तर तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं."

"मग? पोरांनी ते पेपरात वापरलंच ना!"

*

मेश्राम सर विज्ञानाचे, टेम्पररी. एका पोरीनं विचारलं, "सर, घाम आला की गार काहून वाटते?" सरांनी उत्तर दिलंच नाही. सगळ्यांचे हात ओले करून पंख्याखाली उभं केलं. हेडमास्तर दारातून म्हणाले, "याची पातळी लिहिली का?"

"लिहितो सर. पहिले पोरांचे हात वाळू द्या."

*

तपासणीचा पाठ खात्याच्या साहेबांना पसंत पडला तर सर कायम होणार होते. त्या पाठात सर मटक्यातलं पाणी गार काहून होते, हे विचारणार असल्याचं देशमुख बाईंना कळलं. बाईंचा सरांवर भारी जीव. सरांना न सांगता त्यांनी वर्गाकडून उत्तर घोकून घेतलं. "सरांनी 'काहून' म्हटलं की हेच बोलायचं. सर पक्के झाले पाहिजेत."

साहेब मागच्या बाकावर बसले. पोरांनी खरंच विचार करावा म्हणून सरांनी ऐनवेळी मटका सोडला. विचारलं, "रेल्वेच्या रुळांत फट काहून ठेवतात?"

अख्खा वर्ग एका सुरात : "बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, म्हणून!"

साहेबांचा शेरा एका शब्दाचा : पाठांतर. सरांची नोकरी गेली, ते खापरखेड्याला वीज केंद्रात लागले. तसा मास्तर आमच्या पोरांना परत मिळाला नाही, याची हळहळ अजून जात नाही.

*

निरोपाच्या चहाला देशमुख बाईंनी रडत रडत सगळं सांगून टाकलं. "सर, तुमची नोकरी मी घालवली."

सरांनी कपबशी खाली ठेवली.

"नाही हो, बाई. पोरं बरोबरच बोलले. प्रश्नच मी दुसरा विचारला."