दहा तारा आणि खोबरेल तेल

वडील, म्हणजे आबा, गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आईनं घरातले कोयते, विळे, खुरपी घासूनपुसून पाटावर मांडली, सगळ्यांवरून खोबरेलाचा हात फिरवला आणि मग पलंगाखालून आबांची गिटार काढून तिलाही तसंच तेल चोळलं. "त्यांचं हत्यारच की ते," म्हणाली. पुढं दरवर्षी हेच. फौजीच्या घरात हत्याराला तेल लावतातच, त्यामुळं मीही कधी हटकलं नाही. उलट वर झेंडू मीच वाहायचे.

गिटारला सहा तारा असतात, हिला दहा होत्या. आबांची बदली शिलाँगला असताना चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे ते शिकले, आणि निघताना मास्तरांनी स्वतःचीच जुनी गिटार त्यांच्या हाती दिली. आमच्या रहिमतपुरात तिला विचारतंय कोण! निवृत्तीनंतर आबा उसाला पाणी पाजून आले की पायरीवर बसून वाजवायचे, आणि येणारेजाणारे म्हणायचे, "सुबेदार, एखादं भजन हुतंय का तिच्यावर?" आबा नुसते हसायचे आणि आपलंच वाजवत राहायचे.

यंदा दसरा झाल्यावर आई म्हणाली, "मला ती एकदा वाजल्याली ऐकायचीय." मी तारा जमतील तशा ताणून छेडल्या, तर पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. मग गिटार गोधडीत गुंडाळली आणि आम्ही दोघी पॅसेंजरनं मिरजेला निघालो. सतारी करणारे तिथंच. गोधडीत काय आहे म्हणून आईला डब्यात ज्यानं त्यानं विचारलं, आणि तिनं ज्याला त्याला पहिल्यापासून सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला अशा वेळी लाज वाटते, उगाचच.

"गिटार आमचं काम न्हाई," दुकानातले म्हातारे चाचा म्हणाले, पण हात आधीच पुढं आले होते. त्यांनी ती वाजवली नाही. आधी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. "सरळ हाय." मग मानेवरच्या पितळी परद्यांवरून नख फिरवलं. तारांखाली पितळेला खाचा पडल्या होत्या. "लय वाजवलीया. ह्या कडंच्या चार तारा मातुर दाबल्याच न्हाईत?"

"त्या बहुतेक नुसत्या सोबतीला घुमायच्या," मी म्हणाले.

"म्हंजे आमच्या सतारीच्या तरफाच की!" चाचांचा चेहरा खुलला. तिथून पुढं ते काम त्यांचंच झालं.

वरच्या पातळ फळीला ते तबली म्हणतात. तिच्या कडेला, जिथं आबांचा उजवा हात टेकायचा, तिथलं पॉलिश घामानं पार उडालं होतं. लहानपणी मी त्या जागेवर गाल ठेवायचे. चाचांनी तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. मग भोकाला नाक लावून वास घेतला.

"हिला तेल कोन लावतंय?"

"मी," आई ऐटीत म्हणाली. "दर खंडेनवमीला. एक साल चुकवलं न्हाई."

मी चाचांकडं डोळे वटारले. ते समजले. "मानसाचा हात लागल्याला बराच असतोय लाकडाला, आक्का," म्हणाले.

पण माझी आई गोड बोलण्यानं फसणारी नव्हे. "आवं भाऊ, मन राखू नका. माझ्या तेलानं बिघाडली का?"

"व्हय," चाचा हळूच म्हणाले. "पॉलिश गेल्यालं तितनं आत मुरलंय. आवाज बसलाय."

आई आपल्या बोटांकडं बघत राहिली. इतकी वर्षं मी शेजारी उभी राहून फुलं वाहिली होती, दोष निम्मा माझाही होता.

आवाज बराचसा परत येईल, चाचा म्हणाले. तेल ओढून काढायचं, तबली वरून तासायची, चार महिने लागतील. "पर ह्यो डाग जाईल," असं म्हणून त्यांनी नेमका आबांच्या हाताच्या जागेवर तळवा ठेवला.

"मग नको!" मी ओरडलेच. समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. "तेवढंच राहिलंय त्यांचं. हात लावू नका तिला."

"तासा, भाऊ," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "त्यांचा हात कुटं असायचा, ते मला झोपंतबी सांगता येतंय. आवाज मातुर आठवंनाच झालाय गं. लय दिस झालं."

गिटार चाचांकडं ठेवली आणि आम्ही परतीची गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाल्यावर मी आईला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी आबांचं ते पायरीवरचं वाजवणं जमेल तसं गुणगुणायला लागले. माझा गळा म्हणजे आनंदच आहे.

"ते असंच वाजवायचे का गं?" ती मधूनच विचारायची.

मलाही नीटसं आठवत नव्हतं. तरी कराड येईपर्यंत मी दर खेपेला हो म्हणत राहिले.