आक्कांनी शिकवलेला पंप

दुपारी भट्टीतून खारीचे ट्रे बाहेर काढत होतो, तेव्हा आक्कांच्या मुलीचा फोन आला. आक्का आठवडाभरासाठी तिच्याकडे जयसिंगपूरला गेल्या होत्या. "आई गेली," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही, आणि त्या दिवशी तर भलतंच सुचलं. मी विचारलं, "दम लागला होता का?" ती म्हणाली, "नाही रे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दम लागला नव्हता." रडणाऱ्या लेकीला हे विचारायला नको होतं. पण तो प्रश्न दीड वर्ष माझ्या पोटात होता, त्याला बाहेर पडायला तेवढीच वाट सापडली.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, मग मिळेल ते काम करत करत कसबा बावड्यातल्या एका बेकरीत येऊन पोचलो. सुशीलाआक्का माझ्या घरमालकीण. वर माझी खोली, खाली त्या एकट्या. बालवाडीच्या बाई म्हणून त्यांनी जन्म घालवला होता आणि निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना बालवाडीच वाटायची. दमा त्यांना जुना. मला तो बेकरीत लागला, मैद्याच्या धुळीनं. डॉक्टरांनी पंप लिहून दिला, औषधाच्या दुकानात एकानं घाईघाईत "असा दाबायचा" म्हणून दाखवलं. दोन महिने मी तो दाबत राहिलो. छातीतली शिट्टी काही जाईना. मला वाटलं, आता काम सुटणार, गावी परत जावं लागणार. गावाकडं बायकोला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला, असं आमच्याकडं समजतात.

एकदा जिन्यात धाप लागून बसलो होतो. पंप काढला, तोंड उघडलं, दाबला. आक्का खालून बघत होत्या. "डास मारतोयस व्हय रं घशातलं?" म्हणाल्या. मी ओशाळलो. त्यांनी मला आत नेऊन खुर्चीत ताठ बसवलं आणि पुन्हा करून दाखवायला सांगितलं, तेही पंप न दाबता. मग स्वतःचा पंप काढून दाखवला. आधी हलवायचा. छातीतली हवा बाहेर सोडून द्यायची. पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, सावकाश श्वास आत ओढायला लागायचं आणि ओढता ओढताच दाबायचा. मला ते काही जमेना. फुस्स झालं की माझा श्वास जागच्या जागी थांबायचा. चार दिवस त्या डोकं लावत बसल्या, आणि पाचव्या दिवशी विचारलं, "बेकरीत मैद्याचं पोतं उलटं करताना काय करतोस?" मी म्हटलं, "श्वास रोखून धरतो, नाहीतर सगळं नाकात जातं." आक्कांनी कपाळावर हात मारला. "मग हितं बी तेच करतोयस की लेका! तोंडाशी काय उडालं की तुझं दार बंद. हे पोतं न्हाय, औषध हाय. ह्याला आत घे."

डॉक्टरांना कळलं नव्हतं, दुकानदाराला कळलं नव्हतं, ते बालवाडीच्या बाईंना कळलं. त्यानंतर रोज सकाळी कामावर निघताना त्यांच्या दारात थांबायचं, पंप घेऊन दाखवायचा, त्यांच्यासमोर खळखळून चूळ भरायची आणि मगच निघायचं, असा नेम झाला. "बरं वाटलं म्हणून मनानं सोडू नकोस," हे रोजचं. आणि एक खूण त्यांनी दिली होती, "तोंडातनं धूर बाहेर आला की समजायचं, औषध हवेत गेलं." महिनाभरात शिट्टी थांबली. गावी जायची भीती गेली. मी बायकोला खरं काय ते सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दोन वर्षांनी आक्कांचे हात आखडायला लागले. बोटं वाकडी झाली, भाकरी थापता येईना. एका सकाळी त्या खिडकीच्या उन्हात बसून पंप घेत होत्या आणि मला दिसलं, श्वास आधी संपत होता आणि अंगठा मागून दाबला जात होता. ओठांतून पांढरा धूर उन्हात वर गेला. त्यांचीच खूण. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही... मी काहीच बोललो नाही. ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी काय शिकवणार? आणि खरं सांगायचं तर खोली जाईल ही भीतीही होती. परक्या गावात डोक्यावर छप्पर देणाऱ्या बाईला तिची चूक कोण दाखवतो? चार महिने मी रोज तो धूर बघितला आणि रोज "येतो आक्का" म्हणून कामावर गेलो.

मग त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "औषधाचा जोर कमी पडलाय बघ." तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. सांगितलं सगळं. चार महिन्यांपासून बघतोय हेही सांगितलं. आक्का भडकल्या. "खोली माझी, पंप माझा, तोंड माझं! तू कोण रं सांगणारा?" दोन दिवस त्यांचं दार बंद राहिलं. मी पिशवी भरायचीच बाकी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं होतं. "ये रं," म्हणाल्या, "बघ, आणि खरं सांग." मी बघितलं, धूर आला. त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेलो. पंपाला पुढं जोडायचा प्लास्टिकचा लांबोडा डबा त्यांनी दिला. त्यात औषध सोडायचं आणि मग सावकाश ओढायचं, म्हणजे अंगठा मागं पडला तरी चालतं. आक्का डब्याकडं बघून म्हणाल्या, "पोरांचं खेळणं हाय हे. चाळीस वर्षं बालवाडी चालवली, आता मलाच बालवाडीत बसवतोस व्हय?" पण घेतला. शेवटचं दीड वर्ष त्या जिना चढून माझ्या खोलीपर्यंत यायच्या, वर आल्यावर दार वाजवायच्या आणि दम न लागल्याचं दाखवायला मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या.

त्या चार महिन्यांनी त्यांचं आयुष्य किती कमी केलं, काहीच केलं नाही की काय, हे मला कुणी सांगू शकणार नाही. लेकीनं "दम लागला नव्हता" म्हटलं ते मी धरून बसलोय.

आता सकाळी दारात थांबवायला कुणी नाही. म्हणून निघायच्या आधी गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावतो आणि तिच्यासमोर पंप घेतो. आक्कांनी शिकवलेलं सगळं तिला सांगून ठेवलंय. परवा ती तिकडून म्हणाली, "धूर न्हाई दिसला. पण एवढी घाई कशाची व्हती? हलवला बी न्हाई तुम्ही." क्षणभर माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी पंप घेतोय, ही मला शिकवणार? तोंडावर आलेला शब्द गिळला. दोन दिवस बंद राहिलेलं ते दार तिसऱ्या दिवशी उघडताना आक्कांना काय काय गिळावं लागलं असेल, ते तेव्हा कळलं.

"खरंय," मी बायकोला म्हणालो, "हलवायचा राहिला. उद्या परत बघ."