अर्धी पेटी खडी

कुणी खडी फोडू लागलं की दगडाचा तो जळका वास येतो आणि मी स्वातंत्र्याआधीच्या, घाटातल्या नव्हे, देशावरच्या कोरड्या खंडाळ्याजवळच्या दुष्काळी कामावर जाऊन उभा राहतो. तिथं मी हजेरी मांडणारा कारकून होतो आणि स्वतःला फार दयाळू समजत होतो. दिवसाला पेटीभर खडी फोडली तरच जोंधळा मिळे. एका म्हातारीची पेटी अर्धीच भरायची, मी गुपचूप पूर्ण लिहायचो. पुढं आणखी दया सुचली आणि तिला अपंग म्हणून बसून धान्य मिळावं, असा अर्ज मी साहेबांपुढं ठेवला. त्यांनी माझंच हजेरीपुस्तक माझ्या नाकासमोर धरलं. "रोज पेटी भरणारी बाई अपंग? नामंजूर! आजपासून हिची पेटी मी स्वतः मोजणार." चरफडत मी तिची पेटी भरून द्यायला तिच्या शेजारी हातोडा घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत तळहात सोलून निघाले, पेटी काही भरली नाही आणि तिचा जोंधळा बुडाला. म्हातारी माझ्या हातांकडं बघत म्हणाली, "आवं भाऊसाब, अपंगात तुमचंच नाव घाला, आन् मिळंल त्यातलं आर्दं मला द्या." आता घरी बसून पेन्शन खाताना तिचं ते अर्धं नेमकं घशात अडकतं.