कॉमिक्समधून आलेलं स्थळ

कोरगावच्या सगुणच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई, आणि ती फाडण्याआधी त्याची मुलगी प्रभावती वाचून काढी. गोवा राज्य झालं त्या वर्षी रद्दीत जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा आला. एकाच्या मागच्या पानावर जाहिरात होती: कुपन पाठवा, लाडक्या नटाच्या फॅन क्लबचे सभासद व्हा. पोरीने गंमत म्हणून ते शिळं कुपन टपालात टाकलं आणि विसरून गेली.

विसरायला कारणही तसंच होतं. मयेच्या जयवंत मास्तरांचं स्थळ आलं होतं. तिने घाबरून भलताच गोड केलेला चहा मास्तरांनी मुकाट्याने संपवला, आणि तेवढ्यावर ही बया मनाने मयेला नांदायलाही गेली. सगुणने देवाचा प्रसाद, म्हणजे कौल, घेऊन होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं.

आठवडा गेला तरी सगुण गालातल्या गालात हसत गप्पच. शेवटी तिनेच विषय काढला.

"मयेकारांक नाय म्हणून कळयलां," तो खुशीत म्हणाला. "देवान तुका बरो घोव दिलो."

प्रभावतीच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याने खिशातून टपालाने आलेला फोटो काढला. गॉगल लावलेला देखणा पुरुष, खाली 'सप्रेम' आणि सही. सोबतच्या कार्डावर जन्मतारीख, उंची, आवडीनिवडी. जन्मात सिनेमा न पाहिलेल्या माणसाला हे स्थळ वाटलं नसतं तरच नवल! मुलाकडचे पाठवतात ते हेच सगळं. सगुणने दोन्ही स्थळांचा प्रसाद लावला, आणि देवाच्या अंगाला चिकटवलेली उजवी, होकाराची पाकळी पडली ती या गॉगलवाल्याच्या नावाने.

"बाबा, तो सिनेमातलो नट. असले फोटो तो हजारांक धाडता."

सगुण पांढराफटक पडला. मग तो कसाबसा म्हणाला, "मगे देवान उजवो कित्याक दिलो?"

तिला संतापाने रडूच कोसळलं. "देवाक इचारलात, बाबा. माका कित्याक नाय इचारलात?"

तो तसाच उठून मयेला धावला. पण नकार झोंबलेल्या मास्तरांच्या घरच्यांनी दुसरीकडे सुपारीसुद्धा फोडली होती. कोरगावात परतल्यावर तो दुकान न उघडता नुसता बसून राहिला.

पुढच्या वर्षी डिचोलीचं एक स्थळ आलं. सगुणने फोटो गल्ल्यावर तिच्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून तांदूळ मापायला लागला.

"आदी तू सांग," तो म्हणाला. "देवाक मागीर इचारूंया."