तापलेल्या पाइपाचं माप

कारखान्यातला वाफेचा पाइप अजून किती वर्षं टिकेल, हे कोण ठरवतं?

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटीत माझ्या शेजारी बसलेले काका दर शटडाउनला, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद असताना, असे पाइप मोजायचे. मांडीवरच्या डब्यात त्यांचा मोजमापाचा कॅलिपर होता, मऊ फडक्यात गुंडाळलेला.

"सतत तापलेला पाइप आतल्या दाबानं हळूहळू फुगतो," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसत न्हाय, मापात दिसतं."

यंदा पाइपाचा व्यास अपेक्षेपेक्षा जास्त वाढला होता. कॉम्प्युटरनं मात्र पाइपाला आणखी दहा वर्षं दिली होती.

"त्यात कागदावरचं तापमान घातलं. माल जास्त निघावा म्हणून वाफ त्याहून गरम ठेवतात, ते कोण घालणार?"

"मग त्या दहा वर्षांच्या रिपोर्टवर सही केलीत?"

"न्हाय. साहेब बोलले, काका, रिटायर व्हायला आलात, कशाला डोक्याला त्रास? मी बोललो, पाइपाखाली आठ माणसं हायत, त्यांना विचारून येतो."

त्यासाठीच त्यांना मुंबईच्या ऑफिसात बोलावलं होतं, एकट्याला. बोलताना ते डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

मला गणिताचा राग आला नाही. त्याला चुकीचं तापमान सांगून वर त्याचाच हवाला देणाऱ्यांचा आला.

तुम्ही अशा पाइपाजवळ काम करत असाल, तर येत्या शटडाउनला मापांची वही मागा. हिशेबात कुठलं तापमान धरलंय ते विचारा. आणि सगळे मिळून विचारा.