अप्पांची लांब काठी आणि पितळी रीळ

काठी पारखण्यात माझा हात धरणारा आमच्या सुपे पेट्यातल्या गावांत कुणी नव्हता, असं मी तरुणपणी मानत होतो आणि खरं सांगायचं तर आजही बऱ्यापैकी मानतो. घराचा वासा असो की कावडीचा दांडा, लोक मला बोलावून न्यायचे. माझी रीत साधी होती. बांबूचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसऱ्यावर अंगाचा भार टाकायचा. वाकला की बाद. त्यामुळे वडिलांसाठी मासे धरायची काठी घ्यायची वेळ आली तेव्हा मी कुणाला विचारत बसलो नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. एका लाकडात कोरलेल्या होडीत बसून त्यांनी काळी नदीत तीसेक वर्षं मासे धरले, तेही काठीशिवाय. कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, होडी सोडायची, गळाची दोरी उजव्या हाताला गुंडाळायची आणि बसून राहायचं. एका वर्षी शिमग्याच्या आधी मोठ्या खवल्यांचा एक दांडगा मासा लागला आणि दोरी सोडवायच्या आत तिनं तळहात हाडापर्यंत कापला. जखम भरली, पण चार बोटं अर्धवट उघडी राहिली ती राहिलीच. अप्पांनी होडी काठावर ओढून पालथी घातली आणि गोठ्याच्या दारात बसून राहायला लागले.

"घरात हायेत, पर न्हाईत," अव्वा म्हणायची. आईला आमच्याकडं अव्वा म्हणतात. मला ते बघवत नव्हतं. शेतात माझ्यावाचून अडत नव्हतं, जंगलातल्या कामावाचूनही चाललं असतं, पण अप्पा परत होडीत बसल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

जंगलखात्याच्या एका साहेबाला मी होडीतून मासे धरताना पाहिलं होतं. त्याच्या काठीला बुडाशी दोरी गुंडाळलेलं रीळ होतं. मासा पळाला की रीळ फिरायचं, दोरी सुटायची आणि साहेबाच्या हाताला ओरखडाही यायचा नाही. मी मनात ठरवून टाकलं. हिरड्याची गाडी घेऊन बेळगावला गेलो तेव्हा कॅम्पाजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात शिरलो. विलायतेला परत जाणारे साहेब आपलं सामान तिथं विकून जायचे.

दुकानदारानं आधी एक चकचकीत, आखूड काठी पुढं केली. किंमत ऐकून मी ती लगेच खाली ठेवली. शिवाय आखूड काठी होडीत कामाची नाही, एवढं मला कळत होतं. मासा होडीखाली घुसला की दोरी लाकडाला घासून तुटते. काठी लांब असेल तर तिचं टोक होडीच्या पलीकडं नेता येतं. तसं मी त्याला ऐकवलंही. मग त्यानं कोपऱ्यातून लांब काठ्या काढल्या, आणि मी एकेकीचं टोक जमिनीवर टेकवून वरून दाबायला लागलो.

"अहो, ती मोडेल," दुकानदार म्हणाला.

"मोडंल ती घ्यायचीच कशाला?" मी म्हणालो.

चार काठ्या वाकल्या, त्या मी बाजूला सारल्या. पाचवी जाड होती, हललीसुद्धा नाही. तिला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाली. सोबत एक जुनं पितळी रीळ घेतलं आणि सबंध वाटेत बैलांना माझी हुशारी सांगत घरी आलो.

अप्पांना होडीत बसायला राजी करायला अव्वाला आणि मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. काठीचं बूड पोटाशी, डावा हात काठीवर. उजव्या हाताच्या बोटांनी रिळाची मूठ धरवत नव्हती, म्हणून त्यांनी ती तळव्याच्या बुडानं ढकलून पाहिली. रीळ फिरलं. मी वल्हं मारत होतो आणि मनातल्या मनात फुगलो होतो.

मासा लागला. काठी वाकली नाही. एक हिसका, आणि दोरी ताडकन तुटली. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि अप्पा बसल्या जागी पुढं फेकले गेले. त्यांनी काठी होडीत आडवी ठेवली. आता हा माणूस पुन्हा कधी येणार नाही, असं मला वाटलं.

काठावर उतरून त्यांनी रीळ एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "रहाट चांगला हाय." रिळाला ते रहाट म्हणायला लागले होते. "काठी गोठ्याला लाव. म्हस टेकली तरी गोठा पडायचा न्हाई."

"वाकत न्हाई म्हणून तर घेतली, अप्पा."

"मासा वडतो तवा कुणीतरी वाकाय पायजे. काठी वाकंना, मग दोरी तुटती."

मी ती काठी उचलून गोठ्याला लावली. कुणाचं ऐकणं माझ्या बाबतीत फार वेळा घडत नाही.

त्यांनी अंधाऱ्या पंधरवड्याची वाट पाहिली, कारण चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते. मग परसातल्या चिव्याच्या बेटात गेले. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक, लवचीक बांबू. मी ज्यांच्याकडं बघितलंही नसतं असे चार चिवे त्यांनी हलवून, शेंड्याला वाकवून, सोडून पाहिले. झटकन सरळ झाला तो घेतला. तो महिनाभर चुलीच्या धुरावर टांगला, विस्तवावर शेकून सरळ केला. दोरी ओवायला तारेची कडी मी वळून दिली. रीळ त्यांनी स्वतः बांधून घेतलं, सुतळीची गाठ दातांनी ओढून.

त्या काठीला मासा लागला तेव्हा ती पार पाण्यापर्यंत वाकली. रीळ करकरत फिरलं. अप्पांनी उघडा तळहात रिळावर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याला बोटं लागतच नव्हती. मासा दमला तेव्हा मी जाळी धरायला पुढं झालो, तर म्हणाले, "तू होडी सांभाळ."

दुसऱ्या दिवशी उठलो तर अंथरुणात अप्पा नव्हते, भिंतीला काठीही नव्हती. धावत नदीवर गेलो. ते कोंडीवर एकटेच होते, वल्हं काखेत दाबून होडी वळवत होते.

"मला का न्हाई उठवलं?" मी काठावरून ओरडलो.

"घरी जा. तुझ्या आवाजानं मासं पळत्यात."

मला राग आला. अपमानही वाटला. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की डोळे पुसत पुसतच घरी आलो.

अव्वानं विचारलं, "कुठं हायेत?"

"नदीवर. एकलेच."

तिनं पदर खोचला. पाटा धुतला, आणि मासा अजून पाण्यात असतानाच वाटण वाटायला बसली.