आबांची पोटरी

साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आमच्या घरातला मी पहिला पदवीधर होतो. वडील, म्हणजे आबा, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. मला मात्र त्यांनी कधी पान्यालासुद्धा हात लावू दिला नाही.

नव्वदीच्या दशकातली दिवाळीची सुट्टी होती. मी घरी आलो त्याच्या आदल्या दिवशीच आबांच्या डाव्या पायाचं प्लास्टर काढलं होतं. कामावर लोखंडी प्लेट पडून घोट्याचं हाड मोडलं होतं. पोटरी सुजून तुकतुकीत झाली होती. "प्लास्टर काढल्यावर सूज येतीच, तेलानं रगडा," शेजारी म्हणाले. ज्यांच्या जिवावर शिकलो त्यांची सेवा करायला मिळतेय, याचाच मला आनंद. रोज संध्याकाळी करडईचं तेल कोमट करून मी ती पोटरी जोर लावून रगडायचो.

आबा दात आवळायचे. "हळू की मास्तर! पोरांस्नी बी आसंच बडवतोस का?"

आठव्या दिवशी सकाळी चहा पिऊन ते उठले आणि चौकट धरून तिथेच थांबले. श्वास पुरेना. छातीत सुरी खुपसल्यासारखं दुखत होतं. मी आणि आई त्यांना रिक्षातून सांगलीला घेऊन निघालो. वाटेत त्यांनी माझं मनगट धरलं. "त्येल रगडल्यालं डॉक्टरला सांगू नगं. शिकल्याला मानूस, तुलाच बोलत्याल."

डॉक्टरांनी विचारलं, "पायाला काही त्रास?"

"बरा झाला साहेब," आबा धापा टाकत म्हणाले आणि पाय चादरीखाली ओढून घेतला.

ईसीजी झाला, छातीचा एक्स-रे झाला. डॉक्टर तो खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. "फोटो जवळजवळ स्वच्छ आहे आणि माणूस एवढ्या धापा टाकतोय. हे मला बरं दिसत नाही."

रगडलेली पोटरी माझ्या डोळ्यांपुढे आली. बोललो तर माझ्याच हातून झालं हे खरं ठरेल, असं वाटत होतं. मग माझी नजर आबांच्या नखांवर गेली. ती निळसर पडत चालली होती.

"मी पाय रगडलाय," मी म्हणालो. "आठवडाभर. खूप सुजला होता."

डॉक्टरांनी चादर ओढली. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच जाड भरली. मला बाहेर नेऊन ते म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असणार. ती सुटून फुप्फुसात अडकलीय. खात्री करायची तपासणी इथं होत नाही आणि पुण्याचा प्रवास यांना झेपणार नाही. रक्त पातळ करायचं औषध आत्ताच सुरू करावं लागेल. माझा अंदाज चुकला तर आत कुठंतरी रक्तस्राव होईल. दिलं नाही तर दुसरी गुठळी सुटेल."

संमतीचा कागद माझ्यापुढे आला. आई म्हणाली, "तू शिकलायस. तूच कर सही." बी.ए.च्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. सही केली, ती माझी मलाच ओळखू आली नाही.

पुढचे दिवस मी आबांच्या छातीवरची चादर बघत काढले. वर गेली, खाली आली. खोकले की थुंकीत रक्त आहे का बघायचो. रक्ताच्या तपासणीचा कागद आला की डॉक्टरांच्या भुवया वाचायचो. चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

"गुठळी पाय बांधून पडल्यामुळं झाली. रगडल्यामुळं सुटली की आपोआप, ते आता कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण परत हात लावू नकोस."

धाप हळूहळू कमी झाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन आबा घरी आले. साताऱ्याला परतताना मी पाया पडायला वाकलो, तसे त्यांनी दोन्ही पाय झटकन खाटेवर घेतले.

"लांबनं, मास्तर. लांबनं."

आई किती दिवसांनी हसली. मी दोन हात लांब जमिनीला डोकं टेकवलं आणि आबांचा श्वास नीट ऐकू येईपर्यंत वर उचललं नाही.